तळं आहे, पण पक्षी उतरत नाहीत: खाडीकाठच्या पाणथळीत काय आणि कुठून तपासायचं

“यंदा पक्षी आलेच नाहीत,” असा निरोप आला की मी पक्ष्यांबद्दल काहीच विचारत नाही. “तळ्यात पाणी शेवटचं कधी आलं होतं?” एवढंच विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही, आणि निम्मा रोग तिथेच कळतो.

नवी मुंबईत खाडीला लागून असलेल्या तळ्यांचं दुखणं एकच आहे आणि ते दर एक-दोन वर्षांनी उलटतं. नेरूळ-सीवूड्सकडची तळी घ्या, बेलापूरकडची घ्या, नाहीतर पार उरणला पाणज्याची पाणथळ घ्या. भरतीचं पाणी आत यायचं आणि ओहोटीला बाहेर पडायचं, ही ये-जा कुठेतरी अडते. मग तळं एक तर सुकतं, नाहीतर सडतं. मी आगरी घरातला. आमच्याकडे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात होता तोवर बांध आणि उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं तोंड) सांभाळणं हे घरचंच काम. शेती गेली, पण पाणी कुठे अडलंय ते शोधायची सवय राहिली. खाली जो क्रम दिलाय तो फुकटापासून खर्चाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे जाणारा आहे. मधल्या पायऱ्या गाळून थेट जेसीबी आणायचा विचार असेल तर ‘गाळ आणि चर’ हा भाग आधी वाचा.

लक्षणं

यातलं काय काय दिसतंय ते आधी लिहून काढा. एकापेक्षा जास्त लागू पडू शकतात.

- तळ भेगाळलाय, कडेला मिठाची पांढरी कड आलीय, पौर्णिमेच्या भरतीलाही ओल पोचत नाही.
- पाणी आहे, पण हलत नाही. थर्माकोलचा तुकडा काल जिथे होता तिथेच आज.
- पाणी काळपट, तळातून बुडबुडे, कुजक्या अंड्याचा वास.
- जिथे तिवरं (खाडीतली खारफुटी) होती किंवा मोकळा चिखल होता तिथे पाणकणीस (लांब पात्यांचं, कणसासारखा तुरा येणारं पाणगवत) उगवलंय.
- सोसायटीतून डासांची ओरड, फॉगिंगची मागणी.
- टिबुकली, वारकरी, पाणकावळे दिसतात. पण उथळ पाण्यात चालून चरणारे शेकाट्या, तुतारी, फ्लेमिंगो नाहीत.
- उलट, नुसते वंचक, गायबगळे आणि टिटव्या. बाकी शुकशुकाट.
- थवा येतो, वर दोन घिरट्या घालतो आणि निघून जातो.

सहावं लक्षण म्हणजे पाणी जास्त खोल झालंय. सातवं म्हणजे पाणी संपत आलंय. शेवटचं असेल तर पाणी ठीक असण्याची शक्यता बरीच आहे, अडचण काठावर आहे.

हे असं का, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांना पाच-सहा तास उभं राहायला, पंख नीट करायला, थोडंफार खायला उथळ जागा लागते. ती जागा म्हणजे ही तळी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, हा दर्जाही मिळाला; पण पक्षी भरतीला जिथे येऊन थांबतात त्यातली नेरूळकडची तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतात. खाडी कितीही जपली तरी भरतीच्या वेळी टेकायला जागा नसेल तर थवा दुसरीकडे सरकतो.

खोलीचं गणितही लक्षात ठेवा. तुतारी, चिखल्या यांसारख्या छोट्या पक्ष्यांना बोटभर पाणी पुरतं. शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात चालतो. थापट्या, तलवार बदक ही बदकं डोकं बुडवून, शेपूट वर करून खातात. त्यांची पोच फुटभर. त्याहून खोल पाण्यात बुडी मारणारे सोडले तर फारसं कुणी चरत नाही. म्हणजे घोट्यापासून पिंढरीपर्यंतचं पाणी, मधेमधे उघडा चिखल, हे चांगलं तळं. डोळ्यांना ते घाणेरडं दिसतं. तिथेच सगळा घोटाळा होतो.

आधी पंचांग आणि घड्याळ

याला पैसा लागत नाही. तुम्ही तळ्यावर गेलात तेव्हा भरती होती की ओहोटी? ओहोटीला गेला असाल तर पक्षी खाडीत चरायला गेलेले असणार आणि तळं रिकामं असणं बरोबरच आहे. मुंबई बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. ते नसलं तर कोळ्यांचा हिशेब आहेच: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती थोडी उशिरा पोचते, म्हणून ऐरोलीकडे असाल तर जरा जास्त थांबा.

दुसरं, उधाण होतं की भांग? पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ती तीन-साडेतीन मीटरवरच थांबते. बरीच तळी अशी आहेत की भांगाचं पाणी त्यांच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. आठवडाभर पाणी उतरलं म्हणून घाबरून फोन करणारे बरेच असतात. पुढच्या अमावस्येपर्यंत थांबा. उधाणाचे दोन-तीन दिवस जाऊनही तळ कोरडा राहिला, तरच पुढे चला.

तिसरं, महिना कुठला? फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरनंतर जमतात आणि पावसाच्या तोंडाशी कमी होतात. बदकं आणि तुताऱ्या हिवाळ्यातल्या. ऑगस्टमध्ये फ्लेमिंगोंचा थवा नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

काठी

हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि लोक नेमका हाच टाळतात, कारण यात अर्धा दिवस बसून राहावं लागतं.

दोन सरळ बांबू किंवा दीड इंची पीव्हीसी पाइप घ्या. पाच-पाच सेंटिमीटरवर ऑइलपेंटचे लाल-पांढरे पट्टे मारा. एक काठी खाडीच्या बाजूला, एक तळ्याच्या बाजूला, मधे बांधातला पाइप किंवा उघाडी. उधाणाच्या दिवशी भरती चढायला लागल्यापासून अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन्हीकडचा आकडा वहीत लिहा. पूर्ण भरती झाली म्हणून उठू नका. पाइपातून येणारं पाणी आत उशिरा पोचतं, त्यामुळे खाडी उतरायला लागली तरी तळं अजून चढत असतं. ओहोटीचे पहिले दोन-तीन तासही लिहा. काम झालं की काठ्या काढून घरी न्या.

आता वही बघा. बाहेर चढलं, आतही चढलं, फक्त उशिरा आणि थोडं कमी: वाट मोकळी आहे, दोष पाण्याच्या वाटेत नाही. बाहेर भरपूर चढलं आणि आत ढिम्म: तोंड बुजलंय किंवा गाळाने तोंडाशी उंबरठा तयार केलाय. आत व्यवस्थित चढलं पण ओहोटीला उतरलंच नाही: झाकण अडकलंय किंवा बाहेरचा चर भरलाय. इथे एक खुलासा करतो. ओहोटीला तळ्यात घोट्याएवढं पाणी उरणं चांगलं, पक्ष्यांना तेच हवं असतं. कमरेएवढं उरत असेल तर बिघाड.

आणि चौथी शक्यता: भांग आहे, पाऊस नाही, खाडीच्या बाजूचं पाणी तळ्याच्या पातळीच्या खालीच आहे, तरी आतलं पाणी वाढतंय. मग ते खाडीचं नाहीच. सांडपाणी, गटार, नाहीतर फुटलेली जलवाहिनी. हे काठीशिवाय कुणाच्याच लक्षात येत नाही, उलट “बघा, तळं भरलं” म्हणून आनंद होतो.

या काठीतूनच तुमच्या तळ्याचा आकडा काढता येतो. कुठल्या उंचीच्या भरतीला पाणी आत यायला लागतं, तो आकडा. वेळापत्रकात त्या दिवसाची उंची दिलेली असते. समजा गेल्या हिवाळ्यात ३.८ मीटरच्या भरतीला पाणी आत येत होतं आणि आता ४.३ची भरती लागते. म्हणजे मधल्या काळात तोंडाशी अर्धा मीटर काहीतरी साचलं किंवा टाकलं गेलं. महिन्यातल्या किती भरत्या वाया जातात ते वेळापत्रकात मोजून काढता येतं. साहेबांपुढे “पक्षी येत नाहीत” म्हटलं की ते आपल्याला हौशी समजतात, “पूर्वी ३.८ला पाणी यायचं, आता ४.३ लागतात” म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात.

तोंड: कचरा

आत पाणी चढत नाही असं वहीने सांगितलं, तर पाइपाचं खाडीकडचं तोंड बघा. पूर्ण ओहोटीला जा. त्या वेळी पक्षी खाडीत असतात, त्यामुळे त्यांनाही त्रास नाही.

तोंड बुजतं ते एका ठरावीक पद्धतीने. आधी नायलॉनच्या जाळ्याचा एखादा तुकडा पाइपाच्या कडेला अडकतो. त्यात सिमेंटची गोणी येऊन बसते. मग दुधाच्या पिशव्या, निर्माल्याची गाठोडी, थर्माकोल, आणि त्यावर तिवराच्या पानांचा लगदा. शेवटी गाळ बसून ते इतकं घट्ट होतं की लांबून बांधाचाच भाग वाटतं. वरवरच्या पिशव्या वेचून फोटो काढणारे भरपूर येतात. जाळं आत तसंच राहतं आणि पंधरवड्यात तोंड परत बुजतं. जाळ्याचं टोक शोधा, आकडी लावा आणि ते मुळासकट ओढून काढा.

लागतं काय? लांब दांड्याचं दाताळं, बांबूला बांधलेली लोखंडी आकडी, गमबूट, जाड हातमोजे, गोण्या. एकट्याने जाऊ नका. चिखलात काचा आणि सुयाही असतात. पाय पिंढरीपर्यंत रुतला तर पुढे न जाता मागे फिरा. सगळ्यात महत्त्वाचं: आत पाणी साठलेलं असेल तर पाइपासमोर उभे राहू नका, बाजूला उभं राहून ओढा. गाठ सुटली की मागचं पाणी एकदम येतं. पाइपात डोकं किंवा हात घालायचा नाही, कितीही वाटलं तरी.

काढलेला कचरा बांधावर ढीग करून ठेवला तर पुढच्या उधाणाला तो परत आत जातो. वॉर्ड ऑफिसला आधी सांगून गाडी ठरवा.

झाकण असेल तर ते कशासाठी आहे ते ओळखा

इथे घाई करणाऱ्यांमुळे खरा धोका होतो. नवी मुंबईचा बराचसा भाग उधाणाच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून सिडकोने शहर वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव केले. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी तिथे थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. त्यांच्या तोंडाला बिजागरीचं झाकण असतं. बाहेरून भरती आली की पाण्याच्या दाबाने ते बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. म्हणजे ते फक्त बाहेर सोडतं, आत घेत नाही. ते मुद्दामच तसं केलेलं आहे.

काही पक्षिप्रेमी “खाडीचं पाणी आत यायला हवं” म्हणून अशा झाकणात दगड किंवा लाकूड अडकवून ठेवतात. हिवाळ्यात काही बिघडत नाही. जुलैच्या उधाणात जोराचा पाऊस आला की तेच पाणी लोकांच्या तळमजल्यात शिरतं. तेव्हा तळ्याच्या तोंडाला झाकण दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. बघायचं फक्त एवढंच: ओहोटीला ते उघडतंय का? गंजलेली बिजागरी, कडेला चिकटलेले कालव, खाली अडकलेली फळी, यातलं काय आहे ते फोटोत घ्या आणि महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागाला कळवा. हे काम त्यांचंच आहे. धारण तलावात पक्षी येतात, ते आपलं भाग्य. पण तो तलाव आधी पुरासाठी आहे.

झाकण नसलेल्या, दोन्ही बाजूंनी मोकळ्या पाइपांच्या तळ्यांनाच पुढचा भाग लागू आहे.

गाळ आणि चर

कचरा काढला, तरी आकडा जुन्या जागी आला नाही. म्हणजे तोंडापुढचा चर गाळाने भरलाय. इथून पुढे परवानगीचा प्रांत सुरू होतो, कारण गाळ साठला की त्यावर तिवराची रोपं उगवतात. तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर मनाई केली आणि २०१८च्या निकालात ती कायम केली. हातभर उंचीचं रोप उपटलं तरी ते कांदळवनच. “आम्ही पक्ष्यांसाठीच केलं,” हे उत्तर चालत नाही, आणि चालू नये. उद्या बिल्डरही तेच म्हणेल.

मग तुम्ही काय करायचं? चराची लांबी, कुठे किती गाळ आहे, रोपं आहेत की नाहीत, याचा साधा हाताने काढलेला नकाशा. पाइप जिथे सुरू होतो तिथल्या तळाची आणि चराच्या सगळ्यात उंच जागेची पातळी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासता येते. गवंड्याकडे ती असते. सगळ्यात उंच जागा कुठे आहे ते कळलं की बऱ्याचदा असं दिसतं की अख्खा चर उपसायची गरजच नाही, चार-पाच मीटरचा पट्टा मोकळा झाला की पुरे. कमी खर्चाचा, कमी नुकसानीचा प्रस्ताव असेल तर परवानगी मिळायची शक्यता वाढते. फावडं मात्र परवानगीनंतरच.

जेसीबीबद्दल एकदाच बोलतो. गाळ काढायचा म्हणून तळंच खोल करणं, हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात वाईट उपाय. दीड-दोन मीटर खोल, सरळ कडांचं, भोवती पेव्हर ब्लॉक आणि मधे कारंजं असलेलं तळं मी बरंच बघितलंय. तिथे फिरायला माणसं येतात, शेकाट्या येत नाही. खोल तळं उथळ करायला पुन्हा भराव लागतो, आणि पाणथळीत भराव टाकायला परवानगी मागणं म्हणजे वेगळीच पंचाईत.

तळ्याच्या मोकळ्या चिखलावर झाडं लावायचा उत्साहही आवरा. लांब टांगांचे पक्षी मोकळी जागा शोधतात, आडोशाला कोल्हा-कुत्रा दडू शकतो म्हणून झाडीजवळ उतरत नाहीत. उघडा चिखल म्हणजे पडीक जागा नव्हे.

पाणी येतं, पण सडतं

काठीने वाट मोकळी दाखवली आणि तरी वास येतोय, तर सांडपाणी बघा. याची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे झाडं. खाऱ्या पाण्यात पाणकणीस जोमाने वाढत नाही. ते जिथून वाढायला लागलंय तिथे गोडं पाणी, म्हणजे बहुतेक वेळा गटाराचं पाणी, आत येतंय. पाणकणसाच्या सगळ्यात दाट पुंजक्यापासून मागे चालत जा, पाइप सापडतो.

शेवाळ्याच्या बाबतीत फरक करायला शिका. चिखलावर तपकिरी-हिरवट, तेलकट चकाकणारा पातळ थर असेल तर तो पुसू नका. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यातून आणि चिखलातून जे सूक्ष्म शैवाल गाळून खातो ते हेच. पाण्यावर जाड, गादीसारखी तरंगणारी हिरवी साय आणि खाली काळं पाणी, हे मात्र वाईट. ती साय काढून उपयोग नसतो, पाणी खेळतं झालं आणि गटार बंद झालं की ती आपोआप कमी होते. मीठ, चुना, ‘तळं साफ करणारी’ पावडर, डासांसाठी जळकं तेल, यातलं काहीही टाकू नका.

डासांची ओरड मात्र आपल्या उपयोगाची आहे. भरती-ओहोटीचं पाणी रोज खेळत असेल तर अळ्यांना बस्तान बसवायला वेळ मिळत नाही. अडलेल्या गटारपाण्यात मिळतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना फ्लेमिंगोंचं कौतुक असेलच असं नाही, पण डास कमी होतील म्हटलं की ते अर्जावर पहिली सही करतात.

(ठाण्यातल्या गोड्या पाण्याच्या तलावांना हा क्रम लागू नाही. तिथे भरती नसते. मुख्य दुखणं सांडपाणी आणि जलपर्णीचं. जलपर्णी उपसली तर ती काठावर न ठेवता लांब न्यायची, आणि सांडपाणी चालू असताना उपसण्याचा खर्च दरवर्षी करायची तयारी ठेवायची.)

पाणी ठीक, तरी थवा उतरत नाही

मग काठावर बघा. मोकाट कुत्री, त्यांना रोज खाऊ घालणारे, ड्रोन, पाण्यात उतरून जवळचा फोटो घेणारे, रात्रभर तळ्यावर पडणारे प्रखर दिवे. भरतीच्या दोन तासांत एकदा सगळा थवा उडाला तर किती विश्रांती वाया गेली ते त्या वेळेचं वेळापत्रक बघितलं की कळतं. एक रविवार बसून, कशामुळे उडाला आणि किती वेळाने परत बसला, एवढं लिहा. दिवा असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाला त्याचं तोंड वळवायला किंवा आडोसा बसवायला सांगता येतं, खर्च किरकोळ. कुरवांना (सीगलना) गाठी-शेव टाकणाऱ्या मंडळींशी भांडू नका. “काका, खाडीत त्यांचं जेवण आहे, हे तेलकट त्यांना बाधतं,” एवढं बऱ्याचदा पुरतं. न ऐकणारेही भेटतात.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर तपासणी बंद करायची आणि माणूस बोलवायचा.

मेलेले किंवा लुळे पक्षी. पाय ओढत चालणारा, पंख लोंबणारा, मान टाकलेला पक्षी दिसला, तेही एकापेक्षा जास्त, तर कुणालाही हात लावू देऊ नका. उकाडा, अडलेलं पाणी आणि कुजणारा कचरा यांत बोट्युलिझमचं विष तयार होतं. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो आणि साखळी लागते. राजस्थानात सांभर सरोवरात २०१९च्या नोव्हेंबरमध्ये १८ हजारांहून जास्त पक्षी असेच गेले. बर्ड फ्लूची शक्यताही बाहेरून ओळखता येत नाही. जागा, वेळ, संख्या लिहा, लांबून फोटो घ्या, कुत्री दूर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. मृत पक्षी गोळा करणं आणि नमुने घेणं हे पशुवैद्यकांचं काम आहे. जखमी पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पाइप फुटलाय, खचलाय किंवा बांधाला भोक पडलंय. बांध फुटला तर मागची वस्ती पाण्यात जाते. गोण्या टाकून तात्पुरतं बुजवायचं धाडस नको. मालक यंत्रणेचा अभियंता हवा.

गटारातून रंगीत किंवा फेसाळ पाणी, रसायनाचा वास. चिखलात उतरू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा आणि नमुना त्यांनाच घेऊ द्या. आपण बाटलीत भरलेलं पाणी पुढे पुरावा म्हणून टिकत नाही.

राडारोडा, नवा भराव, रातोरात उभा राहिलेला बांध, तिवरांच्या कत्तलीच्या खुणा. डंपरवाल्यांशी वाद घालायचा नाही. रात्री तर मुळीच नाही. तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असे फोटो, शक्य असल्यास गाडीचा नंबर, आणि तिथून निघा.

अर्ज कुणाला? आधी जमीन कुणाची ते बघा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक ऑनलाइन निघतं. सिडको, महापालिका, वन विभाग, खाजगी, काहीही असू शकतं. तिवरं असतील तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाला. पाणथळीचं नुकसान असेल तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली पाणथळ तक्रार निवारण समिती आहे, बेलापूरच्या कोकण भवनात. अर्ज एका पानाचा ठेवा: जागेचा नकाशा, काठीचे आकडे तारखेसह, पूर्वीचा आणि आताचा भरतीचा आकडा, तोंडाचे दोन फोटो, एक पूर्ण भरतीला आणि एक पूर्ण ओहोटीला घेतलेला. पक्ष्यांचे फोटो जोडायचे असतील तर शेवटी जोडा. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.